डी ताईचा, ई माझा

आमच्या घरात वाटणी झाली ती २००९ च्या दिवाळीत. भांडण नाही, वकील नाही, तलाठी नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, कटिंग चहा पिता पिता बाबांनी पाच मिनिटांत विषय संपवला.

मी तेव्हा अकरावीत होतो आणि ताई आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. 'ऑटोकॅडसाठी लागतोच' या तिच्या एका वाक्यावर, बाबांनी तीन वर्षं टाळलेला काँप्युटर अखेर घरात यायचं ठरलं. ('मला अभ्यासाला लागतो' हे माझं वाक्य त्या तीन वर्षांत एकदाही चाललं नव्हतं, पण ते सोडा.) ब्रँडेड मशीन म्हणजे फुकट पैसे जास्त, हे तेव्हा सगळ्या डोंबिवलीला पाठ होतं. त्यामुळे असेम्बल्ड. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क. तेव्हा ३२० म्हणजे सॉलिड वाटायचं. एवढ्या जागेत आपण ठेवणार काय, असा प्रश्न पडायचा.

दुकानातल्या पोराने विंडोज एक्सपी टाकता टाकता, मान वर न करता विचारलं, "काका, पार्टिशन किती करू?"

पार्टिशन म्हटल्यावर बाबांचा चेहराच उतरला. त्याला कारण आहे. गावच्या घराच्या वाटणीत एका पडवीवरून माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ बोलेनासे झाले, ते शेवटपर्यंत. एकाच विहिरीवर दोघं वेगवेगळ्या वेळी पाणी भरायचे. बाबांचं सगळं लहानपण त्यात गेलेलं. त्यामुळे 'वाटणी' या शब्दाला ते आजही बिचकतात.

पोराने समजावून सांगितलं. डिस्क एकच, फक्त आत कप्पे करायचे. उद्या विंडोज बिघडलं, व्हायरस शिरला, तर सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायचा. बाकीचे कप्पे जिथल्या तिथे. हे पटल्यावर मात्र बाबांच्या अंगात विमा कंपनीच्या अकाउंट्स खात्यातली पंचवीस वर्षं संचारली. कोटेशनच्या कागदाच्या पाठीवर त्यांनी लिहिलं: डी, ताई, ८०. ई, मी, ८०. एफ, घर, ९८. सी, कंपनीचा, ४०. बेरीज मारली तर २९८. "हे बावीस कुठे गेले?"

"काका, डिस्कवाले हजाराने मोजतात, काँप्युटर एक हजार चोवीसने मोजतो."

त्या पोराने बावीस जीबी खाल्ले, असं बाबांचं मत अजूनही आहे. ए आणि बी ड्राइव्ह कुणाचे, हेही त्यांनी विचारून घेतलं. ते फ्लॉपीसाठी राखून ठेवलेले, फ्लॉपी गेल्या तरी ती अक्षरं कुणी घेत नाही, हे ऐकल्यावर मात्र त्यांना बरं वाटलं. निघताना ताईने विचारलं, "आणि बाबा, तुमचा कुठला?"

"मला काय करायचाय ड्राइव्ह?"

त्यानंतरची सात-आठ वर्षं ही वाटणी फारच सुखाची गेली. दर सहा महिन्यांनी सी ला फॉरमॅट मारायचा हा त्या काळचा घरगुती उपाय होता, तुळशीच्या काढ्यासारखा. एक्सपी गेलं, विंडोज सेव्हन आलं, २०१६ च्या जुलैत फुकट अपग्रेडची मुदत संपायच्या आत मी विंडोज १० चढवलं. दोनाची रॅम चार जीबी झाली. सी वर एवढी उलथापालथ झाली, तरी डी, ई, एफ ला धक्का नाही. ताईच्या डी मध्ये तिची ड्रॉइंग्ज आणि रेंडर्स, माझ्या ई मध्ये गेम्स आणि नंतर इंजिनीअरिंगच्या असाइनमेंट्स, एफ मध्ये लग्न-मुंजींचे फोटो आणि लता-किशोर. कुणी कुणाच्या ड्राइव्हमध्ये जायचं नाही, हा अलिखित नियम. मी एकदा ताईच्या डी मध्ये गेम लपवला होता, तर बाबांनी मला, 'दुसऱ्याच्या हद्दीत बांधकाम' या विषयावर अर्धा तास झापलं होतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये ताईने लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, माणसं चांगली, फक्त बाबांनी बघितलेला नाही. बाबा लग्नाला आले. अक्षता टाकल्या. जेवले नाहीत. ज्यांना आपल्याकडची लग्नं माहीत आहेत, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

ताई बंगळुरूला गेली. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचं तरी काय? सणाला फोन यायचा, स्पीकरवर. "आई, बाबांना म्हणावं बीपीची गोळी चुकवू नका." बाबा समोरच बसलेले. "तिला सांग, घेतली." आई म्हणजे आमच्या घरातला राउटर. सगळं पॅकेट तिच्यातूनच जायचं. मी पुण्याला नोकरीला लागलो, माझं सगळं सामान ई मधून लॅपटॉपवर नेलं आणि त्या काँप्युटरकडे माझं लक्ष उडालं.

२०१७ मध्ये बाबा रिटायर झाले आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीवर हक्काने बसायला लागले. सोसायटीचे सेक्रेटरी झाले. मेंटेनन्सचे हिशेब, पाणीपट्टीची पत्रं, मीटिंगचे वृत्तांत. मग गावची वंशावळ. मग घरातले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो स्कॅन करायचं वेड. स्वतःचा ड्राइव्ह नसल्यामुळे हे सगळं ते डेस्कटॉपवर ठेवायचे. डेस्कटॉप म्हणजे त्यांना टेबलासारखी जागा वाटायची, सगळ्यांची आणि कुणाचीच नाही. पण डेस्कटॉप हा मुळात सी ड्राइव्हच्या पोटातला एक फोल्डर असतो, हे त्यांना कोण सांगणार?

आणि सी तर चाळीसचा. एक्सपीला दीड जीबी पुरायची, तेव्हा चाळीस म्हणजे बंगला होता. विंडोज १० चं तसं नव्हतं. २०१९ च्या मे मधल्या आवृत्तीपासून त्याची डिस्कची किमान अटच ३२ जीबीवर गेली. म्हणजे चाळीसमधले बत्तीस घरमालकाचे, उरलेल्या आठात बाबांचं रिटायर्ड आयुष्य.

२०२३ च्या दिवाळीला मी घरी गेलो, तेव्हा काँप्युटरशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. उघडला तर आत अकरा पेनड्राइव्ह. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात मजकूर: 'सोसायटी २०१८-१९', 'वंशावळ, आजोळ', 'फोटो, आई तरुणपणी'. सी भरला की बाबा एक पेनड्राइव्ह विकत आणायचे, जुनं त्यावर हलवायचे आणि डब्यात ठेवायचे. माय काँप्युटर उघडलं. सी ची पट्टी लालभडक, ६०० एमबी शिल्लक. अपडेट तर केव्हाच यायची थांबली होती. ई मात्र, माझा, जवळजवळ रिकामा. ऐंशीमधले चार जीबी भरलेले, तेही माझ्या जुन्या प्रोजेक्टचे.

"बाबा, ई मध्ये ठेवा की! मोकळाच आहे."

"तुझा आहे तो."

"मी सांगतोय ना, वापरा!"

"तुला लागला तर?"

आता तुमच्यापैकी ज्यांना यातलं कळतं ते म्हणतील, डेस्कटॉपच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन लोकेशन ई ला वळवायचं, दहा मिनिटांचं काम. केलं. सहा जीबी सुटले. पण विंडोजला अपडेटसाठी स्वतःचीच जागा हवी होती, तिला हे सहा म्हणजे दाताखाली दाणा. दुसरं तुम्ही म्हणाल, तेव्हा दोन हजारांच्या आत एसएसडी मिळायची, बदलून टाकायची. तेही म्हणून बघितलं. बाबा म्हणाले, "ही चालतेय ना?" या प्रश्नाला मराठी मध्यमवर्गीय घरात आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

म्हणजे सी मोठा करणं आलं. आणि खरी गोची इथे सुरू होते.

हार्ड डिस्क ही सरळ एका ओळीत मांडलेल्या जमिनीसारखी धरा. डावीकडे सी, त्याला लागून डी, मग ई, मग एफ. सी ला वाढायचं असेल तर तो फक्त उजवीकडे, आणि फक्त लागून असलेल्या मोकळ्या जागेतच वाढू शकतो. मोकळी जागा माझ्या ई मध्ये होती. पण सी आणि ई च्या मध्ये डी. ताईचा. त्याच्या डोक्यावरून उडी मारून सी पलीकडे जाऊ शकत नाही.

त्यात अजून एक फंडा आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सगळ्यात पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यात, ज्याला एमबीआर म्हणतात, कप्प्यांची नोंदवही असते. या वहीला जागा फक्त ६४ बाइट. एका नोंदीला १६ लागतात, म्हणजे नोंदी चारच. चारपेक्षा जास्त कप्पे हवे असतील तर त्यातल्या एका नोंदीला 'एक्स्टेंडेड' म्हणून चाळ घोषित करायचं आणि आत हवी तेवढी बिऱ्हाडं घालायची. खरं तर आमचे कप्पे चारच, चार नोंदींत सहज बसले असते. पण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्या पोराने सी ला स्वतंत्र घर दिलं आणि डी, ई, एफ तिघांना एका चाळीत कोंबलं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलात तर सी गडद निळा दिसतो आणि बाकी तिघांभोवती हिरवी चौकट. डी समजा उडवला, तरी ती जागा चाळीच्या आतच मोकळी होते, चौकट तशीच राहते. सी वर राइट क्लिक करा, 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करड्या अक्षरात, मेल्यासारखं पडलेलं. कित्येक लोक नेमके इथेच अडकतात आणि काँप्युटरला शिव्या घालतात. चाळीची भिंतच मागे सरकवावी लागते, आणि ते काम विंडोजच्या या खिडकीतून होत नाही.

मी बाबांना कागदावर चित्र काढून दाखवलं. ताईच्या डी ची कॉपी काढू, डी उडवू, सी मोठा करू, मग डी नव्याने बनवू आणि तिचं सामान परत ठेवू. सगळ्यात सोपं, सगळ्यात सेफ.

"उडवायचा नाही," बाबा म्हणाले.

"अहो, कॉपी असणारे ना!"

"कॉपी ती कॉपी. उडवायचा नाही, आणि कमीही करायचा नाही. ऐंशी सांगितले तिला, ऐंशीच राहतील."

दुसरा मार्ग होता. माझा ई ऐंशीवरून वीसवर आणायचा. सुटलेल्या साठात ताईचा अख्खा डी उचलून उजवीकडे सरकवायचा. चाळीची भिंत मागे घ्यायची. सी ला साठ मिळाले की तो शंभरचा. ताईची जागा इंचभरही कमी होत नाही. पण सरकवायचं म्हणजे त्या डी मधला सगळा डेटा एका जागेवरून उचलून दुसरीकडे लिहायचा, आणि मध्येच काही बिघडलं तर डी धड इथे नाही, धड तिथे नाही.

"मग तिला विचारायला पाहिजे," बाबा म्हणाले. आणि तुळशीला पाणी घालायला निघून गेले. म्हणजे विचारायचं मी.

ताईला मेसेज टाकला. 'तुझा डी ड्राइव्ह सरकवतोय, चालेल ना?' पाच मिनिटांनी फोनच आला.

"कुठला डी?"

"घरचा. काँप्युटरवरचा."

ती दोन सेकंद गप्प. "अजून आहे तो? मला वाटलं बाबांनी केव्हाच उडवला असेल."

मी तिला पेनड्राइव्हचा डबा सांगितला. चिकटपट्ट्या सांगितल्या. तिच्या डी मध्ये १९ जीबी मोकळे असताना बाबांनी सहा वर्षांत तिथे एक फाइल ठेवली नाही, हेही सांगितलं. मग म्हटलं, "तर मग, सरकवू ना?"

"तू नको विचारूस," ताई म्हणाली. "ज्यांना सरकवायचाय, त्यांना विचारू दे."

हे वाक्य मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. राउटरचं काम किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. बाबा काही बोलले नाहीत. पेपर वाचला, जेवले, झोपले. संध्याकाळी आई चकल्या तळत होती आणि मी हॉलमध्ये मोबाइल चाळत बसलो होतो, तेव्हा ते गॅलरीत गेले आणि दार अर्धवट ओढून घेतलं. अर्धवट ओढलेल्या दाराचा एक फायदा असतो.

"हं. मी बोलतोय… मी म्हणजे कोण काय, बाबा… हं… ते, तुझा डी आहे ना, तो जरा उजवीकडे सरकवायचाय… नाही नाही, कमी नाही होणार. ऐंशीचे ऐंशी राहणार. लिहून ठेवलंय मी… हं… धोका थोडा आहे म्हणतो हा. म्हणून म्हटलं विचारावं…" मग बराच वेळ नुसतं हं, हं. आणि मग, "जेवलीस?"

संध्याकाळी साडेसहाला जेवलीस का, हा प्रश्न कुठल्याच हिशेबात बसत नाही. आई झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक अख्खा घाणा करपला. त्या चकल्या आम्ही भाऊबीजेपर्यंत, एक शब्द न बोलता, खाल्ल्या.

बावीस मिनिटांनी बाबा आत आले. "म्हणाली, सरकवा."

आता कामाला लागलो. आधी डिस्कची तब्येत तपासली, कारण चौदा वर्षांची म्हातारी. सॉफ्टवेअरने 'गुड' म्हटलं. माझ्या एक टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर ताईच्या ६१ जीबीची कॉपी काढली. जुन्या यूएसबीवर बारीकसारीक फायली इतक्या, की त्यालाच दुपार गेली. डिस्कची चेकडिस्क केली. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण ते चालू असलं की काँप्युटर बंद करूनही डिस्क अर्धवट झोपेत असते आणि अशा डिस्कला हात लावला की वाट लागते. जीपार्टेड नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पेनड्राइव्हवर टाकलं. (बाबांच्या डब्यातला बारावा.) विंडोज न उघडता थेट त्यावरूनच काँप्युटर सुरू होतो आणि कप्प्यांच्या पट्ट्या समोर दिसतात. भरलेला भाग पिवळा, रिकामा पांढरा. माऊसने पट्टी धरायची आणि ओढायची. दिसायला इतकं सोपं, की भीती वाटते.

यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती. मी म्हटलं, जाऊ दे, डोंबिवलीत आता लाइट फार जात नाहीत. बाबा शब्द न बोलता चप्पल घालून बाहेर पडले आणि ऐन दिवाळीत कुठूनतरी बारा व्होल्टची नवी बॅटरी घेऊन आले.

लक्ष्मीपूजन झालं, फराळाची ताटं आवरली, आणि रात्री दहाला मी 'अप्लाय' दाबलं. आधी ई आक्रसला, मग उजवीकडे गेला. माझंच होतं, त्याचं कुणाला काही नाही. पावणेअकराला डी निघाला. प्रोग्रेस बार नावाची चीज माणसाच्या सहनशक्तीसाठीच बनवलेली असावी. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. बाबा खुर्ची ओढून समोर बसले, लिफ्ट वर येताना आकडे बघतात तसे.

साडेअकराला बाहेर कुठेतरी मोठा फटाका वाजला आणि लाइट गेले. यूपीएस ओरडायला लागला. मी झटकन मॉनिटर बंद केला, बॅटरी तेवढीच वाचेल म्हणून. काळोखात फक्त कॅबिनेटवरचा छोटा लाल दिवा लुकलुकत होता आणि डिस्कचा खर्रर्र खर्रर्र आवाज येत होता. बाबांनी कॅबिनेटवर हात ठेवला. का, ते त्यांना विचारू नका.

"आत्ता कुठवर आली असेल?"

आली. ड्राइव्ह नव्हे.

"अर्ध्यापर्यंत असेल," मी म्हटलं. चार मिनिटांनी लाइट आले. मॉनिटर लावला, बार चालू होता. बाबा उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. मी बाराला झोपलो. मला त्यांनी दोन वाजता हलवून उठवलं.

"झालं म्हणतोय. पण डी नाहीये."

झोप खाडकन उडाली. बाबांनी स्वतःच पेनड्राइव्ह काढून काँप्युटर रीस्टार्ट केला होता. माय काँप्युटरमध्ये सी होता, शंभरचा, पट्टी निळीशार. एफ होता. डी नाही. ई नाही. बाबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. कॉपी आहे माझ्याकडे, हे त्यांना सांगणार होतो, पण तोंडातून शब्द फुटला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही कॉपी ती कॉपीच वाटली.

मग खिडकी जरा खाली स्क्रोल केली. एच आणि आय. एच च्या नावापुढे, दुकानातल्या पोराने चौदा वर्षांपूर्वी इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाइप केलेलं, 'ताई'.

झालं होतं असं. अशा जुन्या पद्धतीच्या डिस्कवर विंडोज कप्प्याला ओळखतं ते तो कुठून सुरू होतो, त्या जागेवरून. जागा बदलली की त्याच्या लेखी तो नवा भाडेकरू. नवीन अक्षर देऊन मोकळं होतं. आतलं सामान सगळं जिथल्या तिथे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्ह लेटर बदलायचं, एका मिनिटाचं काम. मी म्हटलं, "बाबा, राहू दे एच. काय फरक पडतो? सकाळी बघू."

"डी कर," बाबा म्हणाले. "आत्ता."

केला. मग त्यांनी स्वतः डी उघडला, त्या घरात पहिल्यांदाच. आत काय आहे ते बघितलं नाही, नुसते फोल्डर मोजले. मोजून झाल्यावर बंद केला आणि झोपायला गेले.

तुमच्याही घरी असा एखादा म्हातारा काँप्युटर असेल आणि हा उद्योग करावासा वाटला, तर कॉपी, बॅटरी आणि रिकामी रात्र या तिन्हींशिवाय हात लावू नका. आणि अक्षरं बदलली तर घाबरू नका, नावं बघा. आमचा काँप्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा अधिकृत सांभाळ थांबला. मी त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवली. बाबांचं काही अडलेलं नाही. अकरा पेनड्राइव्हमधलं सगळं सी वर परत आलंय, डेस्कटॉपचं लोकेशनही त्यांनी मला मूळ जागी आणायला लावलं. डब्यात आता खरंच बिस्किटं असतात.

२०२४ च्या गणपतीत ताई आली, जावयांसह. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे लवंडलेले असताना ती काँप्युटरसमोर बसली आणि तिने आपला डी उघडला. बाबा मागे उभे. मीही डोकावलो. सात वर्षं ज्याची राखण झाली तो ऐवज असा होता: थिसिसचे चौदा फोल्डर, 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-खरंच', 'फायनल-देवाशपथ'. त्याच रेंडर्सच्या तीन तीन कॉप्या. आणि हॉस्टेलवाल्या मैत्रिणीकडून आणलेले 'फ्रेंड्स'चे दहाच्या दहा सीझन.

ताईने कंट्रोल दाबून एकेक निवडायला सुरुवात केली आणि धडाधड डिलीट मारायला लागली.

"अगं, राहू दे की!" बाबा कळवळून म्हणाले. "बघून तरी घे!"

"कचरा आहे हो बाबा सगळा."

दहा मिनिटांत ४३ जीबी उडाले. एक थिसिस आणि एक फोटोंचा फोल्डर तिने ठेवला. बाबांनी पुढे वाकून, चष्मा वर करून पट्टी बघितली. बराचसा भाग पांढरा झाला होता.

"एवढी जागा मोकळी झाली," ते म्हणाले. "काय करायचं तिचं?"

"असू द्या," ताई म्हणाली. "लागेल मला."